एक काडी कमी

पिपरटोल्याच्या शाळेत मी रुजू व्हायला गेलो, तेव्हा लटारी गुरुजींनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नेमणुकीचा हुकूमही पाहिला नाही. माझी वळकटी अजून बैलगाडीतच होती. ते ओसरीवरून खाली उतरले, माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले,

"काड्या किती?"

"कसल्या काड्या?"

"पेटीतल्या. आगपेटी हाये ना खिशात? दिसून राह्यली."

मी पेटी काढून दिली. गुरुजी तिथंच धुळीत उकिडवे बसले. सगळ्या काड्या तळहातावर ओतल्या, एकेक मोजली, पुन्हा भरल्या आणि कानावरची पेन्सिल काढून पेटीवर आकडा लिहिला. एकेचाळीस. मग पेटी प्रसादासारखी माझ्या हातावर ठेवली.

"ओढा मास्तर, मी मनाई करत नाई. पन जितक्या पेटवसान तितक्या जळक्या काड्या मले वापस पाह्यजेन."

"जळक्या काड्यांचं तुम्ही काय करणार?"

"पाह्यतो. मेली का झोपली, ते पाह्यतो. इस्तू झोपते मास्तर, मरत नाई."

मागे गाडीवान खदखदून हसला आणि न मागता आपली पेटी गुरुजींच्या पुढे धरली. म्हणजे हे खूळ नवीन नव्हतं.

माझी अवस्था वाचकांनी समजून घ्यावी. मी नागपूरचा, बावीस वर्षांचा. घरी वडिलांच्या धाकानं बिडी ओढता येत नसे. चांदा जिल्ह्याच्या रानात, मोहर्लीच्या अलीकडे दोन कोसांवर, जिथं वाघाशिवाय कोणी विचारणारं नाही अशा ठिकाणची नोकरी मी का पत्करली, याचं खरं कारण एवढंच होतं. आणि दैवानं मला नेऊन कुणाच्या हवाली केलं, तर संध्याकाळी काड्या मोजणाऱ्या माणसाच्या!

जळक्या काड्या वाया जात नसत. पहिलीची पोरं त्यांवरच अंक शिकत. पाच जळक्या काड्या, त्यांत तीन जळक्या काड्या, झाल्या किती? सगळा गाव आपल्या चुलीच्या काड्या पोरांबरोबर शाळेत पाठवी, पण भरघोस हातभार माझाच. एका आठवड्यात मी जरा जास्तच बिड्या ओढल्या, तर वर्ग बेरजेवरून थेट गुणाकारावर गेला. गुरुजींनी त्याबद्दल सगळ्या वर्गासमोर माझे आभार मानले. मी चार दिवस बिडीला हात लावला नाही.

गुरुजी वाळक्या वेळूसारखे उंच, पन्नाशीला आलेले, आणि त्यांचा सगळा जीव नाकात. इतिहासाचा धडा ऐन रंगात यावा, तलवारी उपसल्या जाव्यात, आणि गुरुजींचा हात एकदम वर जावा. नाकपुड्या थरथरायला लागत. वर्गातली तीस पोरं श्वास रोखत.

"धूर."

कोणी हलत नसे.

"पारबता, जा. पाहून ये."

पारबता म्हणजे चौथीतली एक चुणचुणीत पोरगी. तिचं घर शाळेला लागून. ती जागेवरूनच सांगे, "माही आजी चिंचोके भाजून राह्यली जी."

"तुले इथूनच कसं दिसलं?"

"दिसलं नाई जी. रोजच भाजते."

"जाऊन पाह्य."

पारबता जाई, परत येई, दारातून म्हणे, "आजी. चिंचोके." मग गुरुजी श्वास सोडत, तीस पोरं श्वास सोडत, आणि तलवारी पुन्हा उपसल्या जात. असं दिवसातून तीनदा. मला हसू येई. पण भीती हा मोठा सांसर्गिक रोग आहे. महिन्याभरात मी स्वतः जेवता जेवता घास हातात धरून नाक वर करू लागलो.

ही भीती कशाची, तेही सांगायला हवं.

फाल्गुन संपता संपता त्या मुलखात मोहाची फुलं गळू लागतात. पहाटे झाडाखाली टपटप सडा पडतो. तो वेचायचा, वाळवायचा आणि पुरवून पुरवून खायचा. कोठीतला तांदूळ सरला की गावाचं पोट या फुलांवर. रान सरकारचं असलं तरी प्रत्येक घराची झाडं आज्या-पणज्यापासून ठरलेली. हा सोमाचा मोह, तो दसरूचा मोह; मग तिथं फुलांचा चिखल झाला तरी दुसरा कोणी खाली वाकणार नाही. पण फुलं दिसायला जमीन साफ हवी, आणि ती साफ करण्याची जुनी, सोपी रीत म्हणजे झाडाखालच्या पाचोळ्याला काडी लावणं. काडी लावून माणूस घरी जाई. आग घरी जात नसे.

त्या सुमारास सरकारनं ताडोब्याकडच्या रानाभोवती रेष आखली होती. चुना फासलेले खांब रोवले होते. मी येण्याच्या आदल्या हंगामात मोहाखालची अशीच एक आग खांब ओलांडून आत शिरली आणि दोन दिवस चालली. रेंजरसाहेब आले. सगळ्या गावाला शाळेपुढं बसवलं आणि म्हणाले, "एक हंगाम देतो. पुढच्या वर्षी रेषेपलीकडून एकदा जरी धूर निघाला, तर तुमचे मोह तुम्हाला बंद. कायमचे."

गावाचे बहुतेक मोह रेषेपलीकडे होते. तेव्हा लटारी गुरुजी उठले.

"पोरायची जबाबदारी माही, साहेब."

"पोरांची? आगी तर मोठी माणसं लावतात, मास्तर."

"मोठ्यायले मी शिकवू शकत नाई साहेब. मी इथचाच. ते मले अजून लट्या म्हनतेत. मी पोरायले शिकवतो. पोरं त्यायले शिकवतीन."

हा प्रसंग मी पाहिलेला नाही. पण गावानं मला तो इतक्या वेळा, रेंजरसाहेबांच्या खाकरण्यासकट करून दाखवला की मी तिथं होतो असंच मला वाटतं. तो एकुलता एक हंगाम माझ्या वाट्याला आला.

हंगाम लागला आणि शाळा पाटी-पेन्सिलीऐवजी खराटा घेऊन येऊ लागली. उजाडताच सगळ्यांनी रानात जायचं. प्रत्येक पोरानं आपल्या घरच्या मोहाखालचा पाचोळा झाडायचा, टोपल्यांतून गावच्या खताच्या खड्ड्यात आणून टाकायचा. बाया पदर तोंडाला लावून हसत. पारबताची आजी तर ओरडूनच विचारी, "काऊन रे लट्या, पोट्टीले शाळेत धाडलं का झाडू माराले?"

"काकी, झाडलेल्या झाडाची फुलं पाह्य अन् जाळलेल्या झाडाची पाह्य. राख लागलेली फुलं व्यापारी घेते का?"

"घेते."

"भाव देते का?"

म्हातारी फणकाऱ्यानं घरात जाई. पण संध्याकाळी चिंचोके भाजायला बसली की वाऱ्याची दिशा पाहून बसू लागली, असं पारबतानं मला सांगितलं.

एके सकाळी गुरुजींनी पोरांना एका अवाढव्य मोहाखाली बसवलं आणि विचारलं, "हा मोह केवढा?"

"मोठा!"

"तो?"

"मोठा!"

"मंग लहान मोह कुठी हायेत? मोहाची पोरं दाखवा मले."

पोरं उड्या मारत पांगली. दुपार व्हायच्या आत खालमानेनं परत आली. एवढ्या रानात मिळून त्यांना सात रोपं सापडली होती, वीतभर उंचीची. बाकीची दरसालच्या आगीत गेली होती.

"गावात म्हातारेच म्हातारे," गुरुजी म्हणाले, "अन् पाळना एकबी नाई. असं गाव किती वर्सं चालन?"

"तुमच्या घरावानी, गुर्जी," पारबता म्हणाली.

गुरुजी एकटे राहत. बायको नाही, पोर नाही, चुलीवर एकच गाडगं. पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी तिच्याकडे पाहतच राहिले आणि मग सगळ्यांच्या शेवटी, पण सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. "बरोबर बोल्ली पोरगी. माह्या घरावानी." त्या दिवशी सातही रोपांभोवती दगडांची कडी मांडली आणि त्यांची बारशी झाली.

त्या रानात मला एक जागा विलक्षण आवडली होती. रेषेपलीकडे, तळ्याकडच्या उतारावर एक मोठं गोल रिंगण होतं, खळ्यासारखं स्वच्छ झाडलेलं. मात्र मध्ये झाडच नव्हतं. मी पोरांना विचारलं, तर उत्तर आलं, "तो गुर्जीचा मोह हाये."

"कुठं आहे?"

"तो नाई."

मी मनात म्हटलं, गुरुजींच्या वेडाला आता झाडाचीही गरज उरलेली नाही! पण बिडी ओढायला याहून निर्धोक जागा साऱ्या जिल्ह्यात नव्हती. एक पान नाही, एक काटकी नाही. मी तिथं पोरांची नजर चुकवून बसू लागलो.

हंगामाचा शेवटचा आठवडा आला. रेषेपलीकडून धूर निघाला नव्हता. गाव मोठ्यानं बोलत नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून. तपासणीचा दिवस उजाडला; रेंजरसाहेब दुपारपर्यंत येतो म्हणाले होते. गुरुजींनी सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. आम्ही रानातून परत आलो, पोरं वर्गात बसली, आणि गुरुजींनी माझ्यापुढे हात पसरला.

"पेटी."

"आत्ता? रोज तर संध्याकाळी बघता."

"आज जीव ठिकाण्यावर नाई मास्तर. द्या."

पेटीवर लिहिलं होतं वीस. आत निघाल्या एकोणीस.

"जळकी?"

मी खिसे चाचपले. वरचा, बाजूचा, आतला. मग मी सरळ खोटं बोललो. "शाळेमागं ओढली. तिथंच पडली असेल."

गुरुजी उठले, शाळेमागं गेले, गुडघ्यांवर बसून सगळी जमीन हातानं चाचपून परत आले. जवळ येऊन अगदी हळू बोलले, "मास्तर, मी रागावत नाई. शाळेमांगं काडी नाई. मले फक्त जागा सांगा."

"तळ्याकडचं रिंगण."

त्यांचा चेहरा चुन्याच्या खांबासारखा झाला.

"बिडी इझवली?"

"हो."

"कशी?"

"म्हणजे... फेकली. रिंगणाबाहेर. रिंगण खराब होऊ नये म्हणून."

"फेकली म्हंजे इझवली नाई, मास्तर."

गुरुजींनी घंटा बडवली. सुट्टीची नाही, शाळा भरल्याची नाही, नुसती बडवली. तीस पोरं, तीस खराटे, पुढं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले गुरुजी आणि सगळ्यांत मागं बिडीनं दम लागलेला मी, असे आम्ही पाऊण कोस धावत गेलो. रेंजरसाहेब एव्हाना कुठवर आले असतील, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

रिंगणापाशी पोहोचताच सगळी शाळा रांगत काडी शोधू लागली. एका जळक्या काडीसाठी! ती मलाच सापडली. रिंगणात पडली होती, काळी, थंड, पार मेलेली. मी आनंदानं ओरडलो.

"अन् बिडी?" गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात पलीकडून पारबताचा आवाज आला. "गुर्जी. धूर."

सुताएवढा धूर होता. रिंगणाच्या काठाशी, पाचोळ्याखालून निघत होता. आम्ही वाकून पाहिलं, तर पानांच्या थराखाली हाताच्या पंजाएवढी जागा आतल्या आत लाल होत चालली होती. तिथून दोन हातांवर दगडांच्या कड्यात सातांपैकी एक रोप उभं होतं. जवळ पाणी नव्हतं. खराट्यानं बडवावं तर राख उडणार, धुराचा लोट उठणार. आणि नेमकी त्या क्षणी पायवाटेवर सायकलची घंटी वाजली. शाळा ओस पाहून रेंजरसाहेब आमच्या मागोमाग आले होते.

गुरुजींनी एकदा वाटेकडे पाहिलं, एकदा धुराकडे. आणि खाली बसले. मांडी घालून, त्या आगीवर.

मी उभ्या आयुष्यात नाटकं पुष्कळ पाहिली, पण असा प्रवेश पाहिलेला नाही. गुरुजींचे डोळे पांढरे झाले, कपाळावरची शीर टरारली, ओठ गच्च मिटले. मग सावकाश, फार सावकाश, त्यांनी ते उघडले आणि म्हणाले, "बसा रे पोरायनो. धडा सुरू."

साहेबांनी सायकल झाडाला टेकवली. "मास्तर, हे काय? शाळा रिकामी, सगळे इथं?"

"मोहाचा धडा, साहेब. झाडापाशीच शिकवतो."

"झाड कुठं आहे?"

"जवळच हाये." गुरुजींनी रोपाकडे बोट केलं.

"तुम्ही उठत का नाही?"

"हा धडा बसूनच जमते, साहेब."

साहेबांनी हवेत नाक वर केलं. "जळल्यासारखा वास येतोय."

सगळ्या गावाचं वर्षभराचं पोट त्या वासात होतं, आणि तो वास मी आणला होता.

"माही आजी चिंचोके भाजून राह्यली, साहेब," पारबता म्हणाली.

"गाव इथून पाऊण कोस आहे, पोरी."

"बहुत भाजते जी."

साहेब तिच्याकडे, मग गुरुजींच्या घामाकडे पाहत राहिले. गुरुजींनी घाई केली. "साहेब, तुमच्या रानात मोहाची पोरं किती?"

साहेबांना ठाऊक नव्हतं. पोरांना होतं. सात जागा, सात नावं, कोणतं वीतभर, कोणाला नवी पालवी, कोणाचं पान हरणानं खाल्लं. सगळी शाळा एकदम बोलू लागली. साहेब रोपापाशी वाकले. दगडाचं कडं पाहिलं. सवयीनं त्यांनी सिगरेट तोंडात धरली आणि काडी ओढली, तशी तीस माना एकाच वेळी त्या काडीकडे वळल्या. साहेबांनी काडी हलवून विझवली आणि टाकायला हात उचलला. गुरुजींनी बसल्या जागेवरून पंजा पुढे केला.

"वापस द्या, साहेब."

साहेबांनी क्षणभर पाहिलं आणि काडी त्यांच्या हातावर ठेवली. मग, का कोण जाणे, न ओढताच सिगरेटही परत डबीत ठेवली.

"यंदा रेषेपलीकडून धूर दिसला नाही, असं मी लिहितो," ते म्हणाले. "पुढचा हंगाम तुमचा." त्यांनी सायकल वळवली. चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाले, "मास्तर, मी दिसेनासा होईपर्यंत उठू नका."

त्यानंतरही गुरुजी उठले नाहीत. त्यांना आम्ही उचललं. आग विझली होती. धोतराला ताटलीएवढं भोक पडलं होतं आणि त्याखालचं वर्णन मी करत नाही. पोरांनी चहूकडून खराटे आडवे धरून पडदा केला आणि त्या मखरातून गुरुजींची मिरवणूक गावात आली.

दुपारी गुरुजी शाळेत सतरंजीवर पालथे पडले होते. पारबताच्या आजीनं कोरफड आणून दिली होती आणि "लट्या, तू खरंच येडा हायेस रे" म्हणत डोळे पुसत गेली होती. मी पातं चिरून गर लावत होतो. माफी कशी मागावी ते कळत नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गुरुजी, तुमचा मोह कुठं गेला?"

तोंड सतरंजीकडे ठेवूनच ते बोलले.

"दहा वर्साचा व्हतो. मायनं हातात काडी देल्ली. मोहाखाली लाव म्हने. मी लावली अन् पोरायसंगं तळ्यावर गेलो खेळाले. म्हातारा मोह, आतून पोकळ. चार दिवस आतल्या आत जळला. मंग पडला. सा जनाचं पोट व्हतं त्याच्यावर."

"मग?"

"मंग काय. बापानं सगळ्यायले नेलं, तिकडं राजुऱ्याकडं, खानीवर. निजामाचा मुलुख तवा. मले इथच्या मास्तरापाशी ठेवलं, लिखाई शिकन म्हनून. माय म्हने, मोहाच्या हंगामाले येतो."

"आल्या?"

"अजून नाई." हे 'अजून' त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. "जागा झाडून ठेवतो. माय आली अन् तिले जागाच वळखू नाई आली तं?"

मी गर लावत राहिलो. माझे हात चिकट झाले होते आणि डोळे पुसता येत नव्हते.

"चुकी माझी होती, गुरुजी," मी शेवटी म्हणालो. "सगळी माझी."

"पोरगाच हाये तुमी अजून. व्हते असं." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "तुमी नशीबवान, मास्तर. माह्या काडीवर बसाले कोनी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्यांना वाकता येत नव्हतं, बसता तर येतच नव्हतं. मी उजाडताच खराटा घेऊन तळ्याकडच्या उतारावर गेलो. पारबता माझ्याआधी पोहोचली होती. अर्धं रिंगण तिनं झाडूनही टाकलं होतं. मला पाहून ती थांबली, खराटा खांद्याला लावला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

"मास्तर, काड्या किती?"

मी खिसा उलटा करून दाखवला. मग राहिलेलं अर्धं रिंगण झाडायला घेतलं.